'लहर', 'लहरी' आणि डोळखांबचा पाऊस

जून संपत आला आणि पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली, की मराठी वर्तमानपत्रांत एक ठरलेला शब्दप्रयोग अवतरतो : 'पावसाचा लहरीपणा'. पेरण्या खोळंबल्या तर पाऊस लहरी, कापणीच्या वेळी भात भिजले तरी पाऊस लहरी, आणि धरणे भरूनही उन्हाळ्यात विहिरी आटल्या तर त्याचेही खापर फिरून त्याच लहरीपणावर. हा शब्द आपल्या इतका सवयीचा झाला आहे, की त्याने आपण एखाद्या गोष्टीचे वर्णन करतो आहोत की तिच्यावर निकाल देतो आहोत, याचा विचार सहसा होत नाही. वस्तुतः 'लहरी' म्हटल्याबरोबर पुढची चौकशी थांबते. लहरीला कारण विचारायचे नसते. ती सोसायची असते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी डोळखांब हे गाव आहे. एका अंगाला मुरबाड तालुका, पाठीशी आजोबाचा डोंगर आणि त्याच्या माथ्यापलीकडे घाटावरचा अकोले तालुका. खाचरांतून भात, चढावर नागली आणि वरई, उरलेल्या काळात मजुरी, असे या टापूचे जगणे. वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या तालुक्यात पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा श्रीमंती वाटेल. तरीही दर उन्हाळ्यात याच तालुक्यातील गावपाड्यांवर टँकर फिरतात. तेव्हा येथे लहरी नेमके कोण, हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही. परंतु त्याचे उत्तर शोधायला शब्दार्थाचा इतिहास उपयोगी पडतो, असे मला वाटते. म्हणून आधी शब्दाकडे वळू.

संस्कृतात लाटेला शब्द पुष्कळ आहेत. 'ऊर्मि' हा त्यांतला सर्वांत जुना. तो ऋग्वेदात आहे. 'तरंग', 'वीचि', 'कल्लोल' हे पुढचे. 'लहरी' हा या कुळातला तुलनेने उशिरा आलेला शब्द. तो वेदांत नाही, काव्यात आहे, आणि तेथे त्याचा अर्थ मोठी लाट असा आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेली 'सौंदर्यलहरी' आणि सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने रचलेली 'गंगालहरी' ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. जगन्नाथाने करुणालहरी, सुधालहरी, अमृतलहरी, लक्ष्मीलहरी अशी लहरींची एक मालिकाच लिहिली. वामन पंडितांनी 'गंगालहरी' मराठीत आणली आणि ज्येष्ठातल्या गंगादशहऱ्यात ती म्हणण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक घरांत पडली. म्हणजे मृगाचा पाऊस दाराशी येऊन ठेपतो त्याच सुमारास मराठी माणसाच्या कानावर 'लहरी' हा शब्द पाण्याच्या लाटेच्या शुद्ध अर्थाने पडत असे. या लहरींत विक्षिप्तपणाचा लवलेश नाही. लाट एकामागून एक येते, चढते, फुटते आणि ओसरते. तिचा गुण पुनरावृत्ती हा आहे. नियमितपणाचे इतके चांगले चित्र देणारा शब्द अनियमितपणाचा वाचक व्हावा, हे पहिले कोडे.

या कोड्याची उकल पाण्यात नसून शरीरात आहे. 'ज्ञानेश्वरी'च्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाला काळसर्पाच्या दंशाचे रूपक योजले आहे. मर्मस्थानी, हृदयाच्या कमळातच दंश झाला असल्याने त्या विषाच्या लहरी काही केल्या हटत नाहीत, असे ज्ञानदेव सांगतात, आणि मग तो महामोह उतरवण्यासाठी श्रीकृष्णरूपी गारुडी धावून येतो. १२९० सालच्या मराठीत लहर अशी पाण्यातून रक्तात आलेली दिसते. साप चावलेल्या माणसाला विष एकदम चढून थांबत नाही. ते लाटांनी येते. थोडे बरे वाटते, पुन्हा डोळे मिटू लागतात, पुन्हा जाग येते. 'चढणे' आणि 'उतरणे' ही विषाची क्रियापदेही लाटेचीच आहेत. भाताच्या खाचरांत आणि गवतात काम करणाऱ्या माणसांना हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. त्याच वाटेने झोपेची लहर, भांगेची लहर आणि तापाची लहर भाषेत आली.

शरीरातली ही लाट मग मनात शिरली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) पाण्याची लहर आणि मनाची लहर असे दोन्ही अर्थ नांदताना दिसतात. या प्रवासाचा एक पुरावा मराठी व्याकरणाने आजही जपून ठेवला आहे. आपण 'मी लहर केली' असे म्हणत नाही. 'मला लहर आली' असे म्हणतो. मला झोप आली, मला शिंक आली, मला राग आला, मला ताप आला, मला लहर आली : ही सारी वाक्ये एका साच्याची आहेत. त्यांत माणूस कर्ता नाही. काहीतरी बाहेरून येते आणि तो ते अंगावर घेतो. 'हुक्की' येते, 'झटका' येतो, तीही अशीच. मराठीच्या लेखी लहर हा मुळात माणसाचा दोष नव्हता. तो त्याच्यावर ओढवणारा प्रसंग होता, सर्पदंशासारखा.

'लहर' या नामापासून 'लहरी' हे विशेषण झाले तेव्हा मात्र चित्र पालटले. ज्याला लहर येते तो, आणि जो लहरीच आहे तो, यांत फार अंतर आहे. पहिल्याकडे पाहुणा आला आहे. दुसऱ्याच्या घरी तो पाहुणा कायमचा राहायला आला आहे. प्रसंगाचा स्वभाव झाला. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'मला लहर आली' हे आपण स्वतःविषयी सहज सांगतो. 'लहरी' हे विशेषण बहुधा दुसऱ्याला लावतो. अपवाद कलावंतांचा. कोल्हापूरकडचे शाहीर लहरी हैदर यांनी तर हा शब्द नावातच मिरवला. पण एरवी 'लहरी' हा शब्द नेहमी समोरच्या बाजूने, त्या माणसाची वाट पाहत बसलेल्याकडून येतो.

लाटेवरून लहरीकडे जाण्याची ही वाट एकट्या 'लहर' शब्दाची नाही, हे पाहिले की तिचे महत्त्व वाढते. 'तरंग' म्हणजे लाट, आणि मराठीत 'तरंगी' म्हणजे कल्पनांच्या मागे वाहवत जाणारा. 'मौज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला; त्याचा मूळ अर्थही लाट हाच. मराठीत तो आनंद, गंमत असा स्थिरावला आणि 'मनमौजी' या जोडशब्दात पुन्हा लहरीजवळ येऊन बसला. मराठी साहित्याच्या वाचकाला 'मौज' म्हटले की एक प्रकाशनगृह आठवते. त्या नावाच्या पोटात अरबी समुद्राच्या पलीकडची लाट आहे. संस्कृत आणि अरबी ही एकमेकींशी नाते नसलेली घराणी. पण दोन्हींकडून आलेल्या लाटेला आपल्याकडे मनाचाच अर्थ चिकटला. समुद्राकडे पाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या मनाची आठवण होते, एवढेच याचे कारण असावे.

इतर शब्दांच्या वाटा वेगळ्या आहेत. 'विक्षिप्त' योगशास्त्रातून आला. क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध या चित्ताच्या पाच भूमिका योगभाष्यात सांगितल्या आहेत. त्यांतली मधली भूमिका आपण शेजारच्या तऱ्हेवाईक गृहस्थाला बहाल केली. 'तऱ्हेवाईक' शब्दातील 'तऱ्हा' अरबी वळणाची. 'छांदिष्ट' आणि 'स्वच्छंदी' यांच्या मुळाशी 'छंद', म्हणजे इच्छा. आणि गंमत अशी की काव्याच्या मोजून बांधलेल्या वृत्तालाही आपण छंदच म्हणतो. या सगळ्या शब्दांत 'लहरी' वेगळा पडतो तो एका बाबतीत. विक्षिप्त माणूस नेहमीच विक्षिप्त असतो, म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो. लहरी माणसाचा अंदाज बांधता येत नाही, असे आपण म्हणतो.

मराठीने पुढे आणखी एक वाटणी केली. पाण्याच्या अर्थासाठी 'लाट' पुरेशी होती, म्हणून 'लहर' मनाच्या हवाली झाली. हिंदीत तसे झाले नाही. तेथे थंडीची 'शीतलहर' असते, मराठीत 'थंडीची लाट'. निवडणुकीत हिंदी वर्तमानपत्रे एखाद्या पक्षाची 'लहर' पाहतात, मराठी वर्तमानपत्रे 'लाट'. मराठी कानाला 'चुनावी लहर' ऐकून क्षणभर हसू येते, ते याच वाटणीमुळे. तरीही 'वायुलहरी', 'ध्वनिलहरी', 'प्रकाशलहरी' हे शास्त्रीय शब्द घडवताना आपण लाटेकडे न जाता पुन्हा 'लहरी'कडेच गेलो. त्यामुळे आजच्या मराठीत या एकाच शब्दाच्या एका टोकाला मोजता येणारी, सूत्रात बसणारी पदार्थविज्ञानातील लहर आहे आणि दुसऱ्या टोकाला हिशेबात न बसणारी मनाची लहर. पावसाच्या संदर्भात ही दोन टोके कशी जुळतात, ते पुढे पाहू. त्याआधी, 'लहरी' हे विशेषण कोण कोणाला लावतो, याचा विचार करायला हवा.

लहरीला ऐपत लागते. राजाची ती लहर, धनिकाची हौस, कलावंताचा मनस्वीपणा. पण हाताखालच्या माणसाने तेच केले की तो बेभरवशाचा ठरतो आणि मजुराने केले की आळशी किंवा माजोरी. वरून खाली येणाऱ्या अनिश्चिततेला लहर म्हणतात, खालून वर जाणाऱ्या अनिश्चिततेला दुर्गुण. 'मर्जी' हा लहरीचा दरबारी भाऊबंद. मर्जी असणे, मर्जीत असणे, मर्जी सांभाळणे, मर्जी खप्पा होणे, हे सारे वाक्प्रचार सत्तेच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. मर्जी ज्याची असते त्याला हे वाक्प्रचार लागत नाहीत.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरच घडले. लहरी राज्यकारभाराला मराठीत 'तुघलकी कारभार' म्हणतात. महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिला दौलताबाद म्हटले आणि काही वर्षांनी तो बेत सोडून दिला. तांब्याचे प्रतीकात्मक नाणे काढले, तेही मागे घेतले. परंतु इतिहासकारांनी या निर्णयांची कारणे शोधली आहेत. यादवांचे राज्य नुकतेच बुडाले होते, दख्खन ताब्यात ठेवायचे तर सत्तेचे एक ठाणे येथे हवे होते, आणि दिल्लीपासून देवगिरीचे अंतर त्या काळाच्या दळणवळणाला पेलणारे नव्हते. बेत फसले, त्यापायी माणसे मेली, हे खरेच आहे; पण बेत अकारण नव्हते. गिरीश कार्नाडांच्या १९६४ सालच्या 'तुघलक' नाटकाने, आणि विजय तेंडुलकरांनी केलेल्या त्याच्या मराठी अनुवादाने, हा कारणे असलेला माणूस रंगभूमीवर आणला. तरीही भाषेने त्याला लहरीच ठरवले. का? कारण दिल्ली सोडून निघालेल्या माणसाला कारण माहीत नव्हते; त्याला फक्त हुकूम माहीत होता. ज्याचे कारण आपल्यापर्यंत पोचत नाही, पण ज्याचे परिणाम पोचतात, त्याला आपण लहर म्हणतो. माझ्या मते लहरीची ही व्याख्या कोशातल्या व्याख्येपेक्षा अधिक खरी आहे. 'लहरी' हे विशेषण ज्याला लावले त्याच्या स्वभावाविषयी थोडेच सांगते. लावणाऱ्याच्या अवलंबून असण्याविषयी पुष्कळ.

डोळखांबच्या डोंगरावरची दंतकथाही हेच सुचवते. आजोबाच्या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता, रामाने त्यागलेली सीता तेथे राहिली, आणि लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणत म्हणून डोंगराला ते नाव पडले, असे या भागात सांगतात. लोकापवादाचे कारण अयोध्येत राहिले. डोंगरावर पोचला तो केवळ परिणाम.

उलट दिशेचे उदाहरण याच जिल्ह्याच्या शेतीत सापडते. ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप तयार करण्यासाठी राब भाजण्याची पद्धत आहे. ज्या तुकड्यात बी टाकायचे, त्यावर शेण, झाडाचा टहाळ, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर देऊन उन्हाळ्यात ते जाळतात. तणाचे बी जळते, राख मिळते आणि रोप जोमाने वर येते. आवणीच्या थोड्या दिवसांच्या मुदतीत ते तयार असणे महत्त्वाचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखीव जंगले आखली जाऊ लागली, तेव्हा टहाळ तोडणे वनखात्याला नासधूस वाटू लागले. राब ही गरज आहे की केवळ जुनी सवय, यावर मोठा वाद झाला. मुंबई सरकारने १८८५ साली नेमलेल्या आणि १८८७ साली अहवाल दिलेल्या वन आयोगापुढे ठाणे जिल्ह्यातील राबाचा प्रश्न होता. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब, दुसऱ्या बाजूला तो हिशेब न कळल्यामुळे त्यात केवळ खोड पाहणारे अधिकारी. कारण न पोचणे दोन्ही दिशांनी घडते. फरक असा की अधिकाऱ्याला न कळलेल्या कारणाचा नियम होतो, शेतकऱ्याला न कळलेल्या कारणाचे नशीब.

अवलंबून असणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी एक जोडशब्द घडवला होता, आणि तो 'लहरी'पेक्षा कितीतरी काटेकोर आहे : 'अस्मानी-सुलतानी'. मराठेकालीन महसुली कागदपत्रांत आणि कराराच्या कागदांत तो येतो. आभाळातून आलेले संकट ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून किंवा फौजेकडून आलेले ते सुलतानी. दोहोंपैकी काही ओढवले तर वसुलात सूट मिळावी, असा त्याचा आशय. या शब्दाला सीमेवरच्या प्रदेशाचा अनुभव आहे. डोळखांबहून फार दूर नसलेला माहुली किल्ला पाहा. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालराजासह येथे शेवटचा आश्रय घेतला आणि किल्ला सोडला. पुढे तो शिवाजीमहाराजांकडे आला, १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला, १६७० साली पुन्हा स्वराज्यात आला. एका शेतकऱ्याच्या हयातीत वसूल मागणारे हात इतक्यांदा बदलले. प्रत्येक बदलाला राजकारणात कारण होते. पायथ्याच्या खाचरात उभ्या असलेल्या माणसाला ते आभाळातून पडल्यासारखेच वाटले असणार. तरीही त्याच्या भाषेने आभाळ आणि सुलतान यांची गल्लत केली नाही. दोन नावे ठेवली, आणि दोहोंचा हिशेब वेगळा मांडला.

ही वेगळी मांडणी पुढे राजकारणाचा गाभा झाली. १८९६-९७च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून फॅमिन कोडातील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून सांगितल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी गावोगाव गेले, त्यांत ठाणे जिल्हाही होता. पीक बुडाले तर सूट वा तहकुबी मागता येते, हे सरकारच्याच नियमांत आहे, एवढेच त्यांचे सांगणे. सरकारला ते इतके का झोंबावे? सूट ही मामलेदाराची मर्जी आहे असे शेतकरी समजत होता, तोवर तो विनवणी करीत होता. तो नियम आहे हे कळल्यावर तो मागणी करू लागला. कारण सांगितले की लहर संपते. त्यानंतर थोड्याच वर्षांत रमेशचंद्र दत्त यांनी लॉर्ड कर्झनला जाहीर पत्रे लिहून दुष्काळांच्या भीषणतेचा संबंध जड शेतसाऱ्याशी जोडला, आणि १९०२च्या सरकारी ठरावाने त्याला उत्तर देताना दोष मुख्यतः पावसाच्या अभावावर ठेवला. दत्तांच्या सगळ्याच मांडण्या आज जशाच्या तशा टिकतील असे नाही. पण वादाचे स्वरूप स्पष्ट आहे : सत्ताधाऱ्यांना अस्मानी हवी होती, टीकाकारांना सुलतानी दिसत होती. 'पाऊस लहरी आहे' हे विधान त्या दिवसापासून निष्पाप राहिलेले नाही.

आता पावसाकडे वळू. शेतकऱ्याच्या जुन्या बोलीत पावसाला स्वभाव आहे, पण तो बहुधा ओळखीचा. सूर्याच्या नक्षत्रांप्रमाणे पावसाची नावे पडली : पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा, मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. ऊन आणि पाऊस एकदम आले तर कोल्ह्याचे लग्न. ही सगळी वयाची आणि नात्याची नावे आहेत. पाऊस 'दडी मारतो', 'ओढ देतो', 'उघडीप देतो', 'रुसतो'. यांतला 'रुसणे' विशेष पाहण्यासारखा. रुसण्याला कारण असते, ते आपल्या वागण्यात असू शकते, आणि रुसलेल्याची समजूत काढता येते. लहरी माणसाची समजूत काढता येत नाही. 'रुसलेला पाऊस' ते 'लहरी पाऊस' हा बदल केवळ अलंकाराचा नाही. पहिल्यात नाते आहे, दुसऱ्यात नात्याचा शेवट.

आणि विज्ञान काय सांगते? संपूर्ण देशाचा मोसमी पाऊस सरासरी ८७ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि वर्षावर्षातला त्याचा चढउतार साधारणपणे दहा टक्क्यांच्या घरातला. निसर्गातल्या इतक्या मोठ्या घटनेला लहरी म्हणावे असा हा आकडा नाही. अडचण असते ती हंगामाच्या आत : झड आणि उघडीप यांच्या फेऱ्यांची. या फेऱ्यांचा अभ्यास ज्यांनी केला त्यांत डी. आर. सिक्का आणि पुण्यात वाढलेल्या सुलोचना गाडगीळ यांचे नाव मोठे आहे. उपग्रहांनी टिपलेल्या ढगांच्या नोंदी तपासून त्यांनी १९८० साली दाखवले, की विषुववृत्तीय हिंदी महासागरावर ढगांचे पट्टे तयार होतात आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत भारतीय भूमीवर येतात. त्याआधी १९७१ साली रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी उष्ण कटिबंधातील अशाच एका मंद आंदोलनाचा शोध लावला होता. थोडक्यात, मोसमी पाऊस लाटांनी येतो. तो संस्कृत अर्थाने लहरी आहे, मराठी अर्थाने तितका नाही. जगन्नाथ पंडिताच्या लहरीप्रमाणे एक लाट ओसरते, दुसरी येते. मधल्या ओसरीच्या काळात आवणी सापडली की रोप पिवळे पडते. हा फटका खरा आहे आणि तो अगोदर सांगता येण्याची आपली क्षमता अजून मर्यादित आहे. पण मर्यादा आपल्या ज्ञानाची आहे. ती पावसाच्या चारित्र्यावर लादणे योग्य नाही.

या चित्रात एक नवा बदल आहे, तोही नमूद करायला हवा. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापणाऱ्या समुद्राचा त्यात वाटा आहे आणि समुद्र तापण्यात माणसाचा. अस्मानीतच सुलतानी मिसळू लागली आहे. अशा वेळी 'लहरी' हा शब्द वापरून दोहोंना एकच पांघरूण घालणे अधिकच महागात पडणारे आहे.

उरतो डोळखांबच्या उन्हाळ्याचा प्रश्न. येथला काळा बेसॉल्ट पाणी फारसे धरून ठेवत नाही, चढ तीव्र, मातीचा थर पातळ. दोन हजार मिलिमीटर पाऊस ओढ्या-नद्यांतून भराभर उतरून जातो. हे अस्मानीत धरू. पण हेच पाणी अडवून साठवता येते, याचा पुरावाही याच तालुक्यात आहे. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मुंबईला गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले भातसा धरण आज मुंबईच्या तलावांतील एकूण साठ्यापैकी निम्म्याच्या आसपास साठा एकटे सांभाळते. मुंबईला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी लागते आणि पावसाळ्यात तलावांची पातळी रोजच्या रोज छापून येते. डोळखांबजवळच्या चोंढे येथे घाटघर जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण आहे. २००८ साली सुरू झालेल्या, २५० मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पात विजेची मागणी वाढली की घाटावरचे पाणी खाली येते आणि मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा डोंगर चढवले जाते. पाणी घड्याळाप्रमाणे चढते आणि उतरते. जगात इतके आज्ञाधारक पाणी थोड्याच ठिकाणी असेल. अशा धरणांच्या शेजारी राहणाऱ्यांना मे महिन्यातील टंचाई पावसाच्या लहरीने येते असे सांगणे, म्हणजे त्यांच्या जुन्या जोडशब्दातला दुसरा भाग खोडून टाकणे होय.

'लहरी' हा शब्द मराठीतून काढून टाकावा, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. कलावंतांना तो हवाच आहे, आणि लहर आल्याशिवाय कोणी कविता लिहीत नाही. पण तो निसर्गाला किंवा सत्तेला लावताना एवढे विचारायला हरकत नाही, की येथे कारण नाही, की कारण आहे पण ते कोणापर्यंत पोचलेले नाही? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. पात्राच्या वागण्यामागचे कारण शोधणे हेच त्याचे काम असते. टँकर कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे विहिरीच्या काठावर हंडे मांडून बसलेल्या बाईला जोवर कोणी सांगत नाही, तोवर तिच्या लेखी लहरी कोण, हे टँकरच ठरवतो. पाऊस तर दरवर्षी येऊन जातो.